नॅलोक्सोन घरात ठेवलं, तर मी त्याला मुभा देतेय का?

एका वाचक ताईंचं पत्र, थोडक्यात :

"माझा धाकटा भाऊ २४ वर्षांचा आहे. दोन वर्षांपासून शनिवार-रविवारी तो मित्रांबरोबर गोळ्या घेतो. त्याच्या मते ही नशा नाहीच. दुखण्याच्या आणि झोपेच्या कंपनीच्या गोळ्या आहेत, ओळखीच्या माणसाकडून आणलेल्या. दोन महिन्यांपूर्वी त्याच्या मित्रांपैकी एक मुलगा रात्रीत गेला. सगळे त्याच खोलीत होते. तो घोरत होता, म्हणून कोणी उठवलं नाही. नंतर कळलं, गोळीत भलतंच काही होतं. भावानं शपथ घेतली, सहा आठवडे हात लावला नाही. गेल्या आठवड्यात त्याच्या बॅगेच्या आतल्या कप्प्यात प्लास्टिकची छोटी पुडी सापडली, आत पाच गोळ्या. मी ती होती तशीच ठेवली. एक डॉक्टर मैत्रीण म्हणते, घरात नॅलोक्सोन, म्हणजे नशेच्या ओव्हरडोसमध्ये थांबलेला श्वास परत आणणारं औषध, आणून ठेव. बाबा म्हणतात, ते आणलंस तर त्याला वाटेल घरच्यांनी मान्य केलं. त्यापेक्षा घराबाहेर काढ, आपोआप ताळ्यावर येईल. गोळ्या मी फेकून द्यायला हव्या होत्या का? ते औषध घरात ठेवणं म्हणजे मुभा देणं का?"

ताई,

तुमच्या प्रश्नाकडे येतेच. पण एक गोष्ट आधी सांगते, कारण ती पुढच्या शनिवारपर्यंत थांबणारी नाही. तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त धडकी कशानं भरली असेल, तर "सहा आठवडे हात लावला नाही" या वाक्यानं. तुम्हाला ते वाक्य दिलासा देत असेल, आणि देऊही दे, त्यानं खरंच प्रयत्न केलाय. पण सहा आठवड्यांत शरीराची सवय मोडते. पूर्वी जेवढं पचत होतं तेवढंच घेतलं, तरी आता श्वास थांबू शकतो. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात तुरुंगातून सुटलेल्या लोकांचा एक अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला होता. सुटल्यानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत ओव्हरडोसनं मरण्याचा धोका इतर लोकांच्या तुलनेत १२९ पट निघाला. आत असताना बरेच दिवस बंद, बाहेर आल्यावर पूर्वीचंच प्रमाण. व्यसनमुक्ती केंद्रातून घरी आलेला, इस्पितळातून सुटलेला, शपथ घेऊन ती मोडलेला, सगळे याच उंबरठ्यावर उभे असतात. हे भावाला आज-उद्यात सांगा. "पुन्हा घेतलंस का" हे विचारण्याआधी सांगा.

आता "ओळखीचा माणूस".

तुमचा भाऊ खोटं बोलत नसेल. तो माणूस कदाचित खरोखरच चांगला वागत असेल, उधारीवर देत असेल, फसवत नसेल. पण त्याच्या हातात काय आहे हे त्याला तरी कुठे माहीत आहे? त्यानं ते कुणाकडून तरी घेतलं, त्यानं आणखी कुणाकडून. वर कुठेतरी एका खोलीत पावडर मिसळून गोळ्या पाडायच्या यंत्रात घातली जाते. वरचा छाप, रंग, आकार, सगळं हुबेहूब जमतं. कधी वजनकाटा किंवा मिसळायचं भांडं आधीच्या मालाचं तसंच असतं, आणि त्यातलं उरलंसुरलं नव्या मालात उतरतं. कंपनीची गोळी म्हणजे औषधाच्या दुकानातून, सीलबंद पाकिटातून, पावतीसकट आलेली. प्लास्टिकच्या पुडीतली गोळी कंपनीची आहे, हा फक्त अंदाज.

भेसळ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पाणी घातलेलं दूध येतं, म्हणजे माल पातळ होतो, कमकुवत होतो. इथे उलटं घडतं. फेंटानिल हे १९६० च्या सुमारास तयार झालेलं, आजही शस्त्रक्रियेच्या वेळी वापरलं जाणारं वेदनाशामक आहे. मॉर्फिनच्या साधारण १०० पट तीव्र. बनवायला स्वस्त, लपवायला सोपं, म्हणून चोरट्या बाजारात ते दुसऱ्याच नावानं शिरलं. अमेरिकेच्या डीईए या अमली पदार्थविरोधी यंत्रणेनं २०२३ मध्ये फेंटानिल असलेल्या बनावट गोळ्या तपासल्या, तेव्हा दर १० पैकी ७ गोळ्यांत जीव घेऊ शकेल इतकं प्रमाण निघालं. हे प्रमाण किती? २ मिलिग्रॅम. टाचणीच्या टोकावर मावेल इतकं. त्यात ही मिसळणी हातानं कालवलेल्या वाळू-सिमेंटसारखी, कुठे जास्त पडलं, कुठे कमी, कुणी बघत नाही. म्हणून "काल याच पुडीतली घेतली, काही झालं नाही" याला काही अर्थ उरत नाही. एकाच पुडीतल्या दोन गोळ्या सारख्या नसतात. अर्धी गोळी आणि उरलेली अर्धीसुद्धा सारखी नसते.

आणि फेंटानिलवर हे थांबलेलं नाही. नायटाझीन नावाचा एक गट १९५० च्या दशकात स्वित्झर्लंडमधल्या एका औषध कंपनीत शोधला गेला होता. औषध म्हणून त्याला कधीच मान्यता मिळाली नाही. २०१९ पासून तो रस्त्यावरच्या मालात सापडू लागलाय, झोपेच्या आणि दुखण्याच्या बनावट गोळ्यांतसुद्धा. त्यातले काही प्रकार फेंटानिलहून तीव्र आहेत. नोव्हेंबर २०२३ मध्ये आयर्लंडमधल्या डब्लिनमध्ये हेरॉइन म्हणून विकलेल्या पावडरीत नायटाझीन निघालं, आणि थोड्याच दिवसांत डझनावारी माणसांना ओव्हरडोस झाला. कुणीही नायटाझीन मागितलं नव्हतं.

आता तुमचा मूळ प्रश्न. मुभा.

फेब्रुवारी २०२२ मध्ये अर्जेंटिनातल्या ब्यूनोस आयर्सच्या परिसरात विषारी कोकेननं २० हून अधिक माणसं गेली. त्यात कार्फेंटानिल निघालं, ते तर मोठ्या जनावरांना गुंगी देण्यासाठी वापरतात. तेव्हा तिथल्या प्रांताच्या सुरक्षामंत्र्यांनी जाहीरपणे सांगितलं : गेल्या २४ तासांत ज्यांनी कोकेन विकत घेतलं असेल, त्यांनी ते फेकून द्या. पोलीस ज्यांच्या हाताखाली त्या मंत्र्यानं कोकेन घेणाऱ्यांशी थेट बोलणं केलं, कारण त्या दिवशी त्यांना जिवंत ठेवणं हेच काम होतं. त्यांनी कोकेनला मान्यता दिली असं तुम्हाला वाटतं का? मला नाही वाटत. बाबांना हा प्रसंग सांगून बघा.

बाबांवर चिडू नका. त्यांच्या मनात एक चित्र आहे : भाऊ आज एका चौकटीत आहे, भीतीची चौकट, आणि ते औषध घरात आलं की चौकट सैल होईल. पण पत्र पुन्हा वाचा. मित्र गेला त्याच खोलीत तो होता. याहून मोठी भीती तुम्ही-आम्ही काय दाखवणार? तरी सहा आठवड्यांनी पुडी बॅगेत आलीच. भीती कमी पडली म्हणून तो पुन्हा वळला असं मला वाटत नाही. आणि घराबाहेर काढलं तर तो कुठे जाईल? जिथे कुणी विचारत नाही तिथे, एकटा. ओव्हरडोसनं मरणाऱ्यांपैकी कितीतरी जण बंद दाराआड एकटे असतात. श्वास मंदावणं आणि थांबणं यांच्या मध्ये काही मिनिटं मिळतात, पण ती मिनिटं दुसऱ्या माणसाच्या कामाची असतात. ज्याचा श्वास थांबत चाललाय त्याच्या नाही.

नॅलोक्सोनबद्दल बाबांना नेमकं काय सांगायचं? हे औषध मॉर्फिन, हेरॉइन, फेंटानिल, नायटाझीन या जातीच्या द्रव्यांना मेंदूतल्या त्यांच्या जागेवरून बाजूला सारतं आणि श्वास परत सुरू करतं. त्यानं नशा होत नाही, त्याची सवय लागत नाही. अंगात त्या जातीचं काही नसेल तर ते काहीच करत नाही, म्हणून चुकून दिलं तरी घाबरायचं कारण नाही. अमेरिकेत १९७१ पासून ते वापरात आहे, आणि २०२३ मध्ये त्याचा नाकात मारायचा स्प्रे तिथे चिठ्ठीशिवाय विकायला परवानगी मिळाली. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१४ मध्ये शिफारस केली की ज्यांच्यासमोर ओव्हरडोस घडण्याची शक्यता आहे, अशा साध्या माणसांच्या हातात, घरच्यांच्या, मित्रांच्या हातात हे औषध असावं आणि ते वापरायला त्यांना शिकवावं. तुम्ही त्या शिफारशीतल्या "घरच्या" आहात. आणि बाबांना हेही सांगा : ज्याला रोजची सवय आहे त्याला नॅलोक्सोन दिलं की तो घामानं डबडबून, उलट्या करत, चिडून जागा होतो. "औषध आहे ना घरात" म्हणून कुणी त्या अनुभवाकडे मौजेनं जात नाही.

ते मिळण्याचे नियम जागोजागी वेगळे आहेत. कुठे दुकानात सहज, कुठे चिठ्ठीवर, कुठे फक्त इंजेक्शन, कुठे व्यसनींसाठी काम करणाऱ्या संस्थांकडून मोफत. तुमच्या डॉक्टर मैत्रिणीलाच विचारा, तिनं सुचवलंय तर वाटही तीच दाखवेल. आणल्यावर कुलुपात ठेवू नका. घरातल्या प्रत्येकाला, भावालासुद्धा, जागा माहीत हवी. वापराची मुदत कधी संपते ते बघून ठेवा. आणि एकदा दाबून बघू म्हणून स्प्रे तपासू नका. बहुतेक स्प्रेंमध्ये एकच मात्रा असते, ती हवेत जाईल.

इथे मी जरा थांबणार आहे, कारण पुढचं तुम्हाला पाठ व्हायला हवं.

मित्र "घोरत होता". झोपेतलं घोरणं आणि हे घोरणं वेगळं असतं. याला घरघर असते, घशात पाणी अडकल्यासारखी, आणि दोन घरघरींच्या मध्ये लांब, फार लांब शांतता. ओठांच्या आतली बाजू आणि नखं बघा : निळसर, किंवा सावळ्या कातडीवर राखाडी. डोळ्यांची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी बारीक. अंग ढिलं, गार. नावानं जोरात हाक मारा, छातीच्या मधल्या हाडावर मुठीच्या गाठींनी जोर देऊन घासा. कण्हला, हात झटकला तर ठीक, त्याला जागं ठेवा. काहीच झालं नाही, तर झोप नाही ती.

लगेच रुग्णवाहिका बोलवा. फोनवर पहिलं वाक्य हे : "माणूस शुद्धीत नाही, श्वास नीट चालत नाही." बाकीचं नंतर. काही देशांत ओव्हरडोससाठी मदत बोलावणाऱ्याला कायद्याचं संरक्षण आहे, काही ठिकाणी नाही. तुमच्याकडे काय आहे हे आजच विचारून ठेवा, म्हणजे त्या क्षणी फोन हातात घेऊन कुणी घुटमळणार नाही. मग नॅलोक्सोन. मग श्वास : पाठीवर झोपवा, डोकं मागे झुकवा, हनुवटी वर, नाक चिमटीत धरा, तोंडाला तोंड लावून दर पाच सेकंदांनी एक फुंकर, छाती वर येताना दिसेल इतकीच. नाडीच लागत नसेल तर छातीवर दाब देणं सुरू करा, रुग्णवाहिकेचा माणूस फोनवर सांगत राहील.

हे लिहिताना मी घड्याळ समोर ठेवून पाच सेकंद मोजले. फार लांब वाटतात. घाबरलेला माणूस दोन सेकंदांतच पुढची फुंकर मारतो. म्हणून एकदा घरी, कुणीही आजारी नसताना, घड्याळ बघून मोजून बघा.

दोन-तीन मिनिटांत श्वास सुधारला नाही तर दुसरी मात्रा. सुधारला तर कुशीवर वळवा, वरचा गुडघा पुढे घ्या, म्हणजे उलटी झाली तरी घशात जाणार नाही. आणि तिथून हलू नका. नॅलोक्सोनचा जोर अर्ध्या ते दीड तासात ओसरतो, पण पोटातल्या गोळीचा कदाचित नाही. उठून बसलेला माणूस पुन्हा मागे जाऊ शकतो. "आता बरा आहे, झोपू दे" या वाक्यानं माणसं गेली आहेत. गार पाण्याखाली धरणं, थोबाडीत मारणं, मिठाचं पाणी पाजणं, चालवत फिरवणं, यातलं काही करू नका. यात वेळ जातो, आणि इजाही होऊ शकते.

एक अडचण सांगायलाच हवी. आजकाल मालात झायलाझीन सापडतं, जनावरांना गुंगी आणायचं औषध. झोपेच्या गोळ्यांची जातही असते. या दोन्हींवर नॅलोक्सोन चालत नाही, त्यामुळे ते देऊनही माणूस डोळे उघडणार नाही, असं होऊ शकतं. तरी द्यायचंच, कारण आत आणखी काय आहे ते तुम्हाला माहीत नाही. डोळे उघडले का यापेक्षा छाती हलतेय का ते बघा, आणि हलत नसेल तर फुंकर चालू ठेवा.

आता भावाशी बोलायचं. पुडी होती तशीच ठेवलीत, त्यात तुमची चूक झाली असं मी म्हणणार नाही. फेकली असती तर एक धोका गेला असता हे खरं. पण तो चिडून, गुपचूप, दुसऱ्या कुणाकडून नवीन माल आणू शकला असता, आणि तुमच्याशी बोलणं बंद झालं असतं ते वेगळंच. मात्र सापडलीच नाही असं नाटकही करत राहू नका. घरात लहान मूल येत-जात असेल तर तर मुळीच नाही. "पुडी बघितली. ओरडायला आले नाहीये. मला तू सकाळी जिवंत हवायस" एवढंच म्हणा. मग गप्प बसा, त्याला बोलू द्या. त्यानं स्वतःहून गोळ्या काढून दिल्या तर उत्तम.

नाही दिल्या तर? तर मी तुमच्या जागी असते तर हे सांगितलं असतं. घेऊच नकोस, ही माझी इच्छा आहे आणि राहील. पण घेणारच असशील तर एकटा नाही. कुणीतरी शुद्धीत असलेलं, नॅलोक्सोन जवळ असलेलं सोबत हवं, आणि सगळ्यांनी एकाच वेळी घ्यायचं नाही. दारूवर नाही, झोपेच्या गोळ्यांबरोबर नाही, कारण यातलं प्रत्येक श्वास मंद करतं आणि ते एकमेकांत मिळतं. पूर्वीचं प्रमाण विसर. गोळीला लागायला वेळ लागतो, "काही होत नाहीये" म्हणून दुसरी घेऊ नकोस. दाराला आतून कडी नाही. हे शेवटचं तुमच्याच हातात आहे, ताई : न्हाणीघराची आणि त्याच्या खोलीची कडी बाहेरून उघडता येईल अशी आजच बसवून घ्या.

फेंटानिल तपासायच्या पट्ट्या काही ठिकाणी मिळतात, काही ठिकाणी त्या बाळगायलाच बंदी आहे. मिळत असतील तर जरूर वापराव्यात, पण त्यावर एकच रेघ म्हणजे फेंटानिल आहे आणि दोन रेघा म्हणजे सापडलं नाही, हे उलटं गणित लक्षात ठेवा. गरोदरपणाच्या चाचणीची सवय असलेला माणूस इथे हमखास चुकतो. दोन रेघा आल्या म्हणून गोळी निर्धोक ठरत नाही. ही पट्टी नायटाझीन ओळखत नाही (त्याची पट्टी वेगळी असते), आणि गोळीचा जो तुकडा पाण्यात विरघळवून तपासला नाही त्यात काय आहे तेही सांगत नाही. नेदरलँड्समध्ये १९९० च्या दशकापासून लोक आपला माल सरकारी व्यवस्थेमार्फत तपासून घेऊ शकतात, न्यूझीलंडनं २०२१ मध्ये अशा तपासणीला कायमची कायदेशीर मान्यता दिली. अशी सोय जिथे आहे तिथे पट्टीपेक्षा ती कितीतरी चांगली.

आणि हे सगळं करत असतानाच उपचारांचा विषय उघडा ठेवा. गोळ्या शनिवार-रविवारपुरत्याच आहेत की आठवड्याच्या मध्येही, हे त्याला आडून न विचारता सरळ विचारा. दुखण्याच्या गोळ्यांची ओढ रोजची झाली असेल तर मेथाडोन आणि ब्युप्रेनॉर्फिन ही ती ओढ आवरणारी औषधं आहेत. ती नियमित घेणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण खूप कमी होतं. "एका व्यसनाच्या जागी दुसरं" असं त्यांच्याबद्दल बोललं जातं, ते कृपा करून घरात बोलू देऊ नका. झोपेच्या गोळ्या रोज घेत असेल तर एकदम बंद करायला लावू नका, फिट येऊ शकते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळूच कमी करायच्या असतात.

शेवटी एक गोष्ट, जी तुमच्या पत्रात एका ओळीत येऊन गेली. "सगळे त्याच खोलीत होते." म्हणजे तुमचा भाऊ तिथे होता. त्यानं ते घोरणं ऐकलं होतं. मी वर लिहिलेली घरघरीची खूण तो वाचेल तेव्हा त्याला ती रात्र आठवणार, आणि तेव्हा आपल्याला माहीत नव्हतं हे त्याला टोचणार. दोन महिन्यांत त्याला त्या रात्रीबद्दल कुणी विचारलंय का? रागावून नाही, तसंच, "काय झालं होतं रे?" असं. तुम्ही विचारा. आणि मैत्रिणीकडे स्प्रे वापरायला शिकायला जाल तेव्हा त्याला बरोबर घेऊन जा. तुमच्या घरात ते शिकण्याची सगळ्यात जास्त गरज बहुधा त्यालाच आहे.